परत आलेल्या पुड्या

४ फेब्रुवारी १९४६, सोमवार

आज सकाळी दवाखाना उघडताच धरणेंद्रअण्णांच्या एकवीस पुड्या माझ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि डबा खलबत्त्यामागे सरकवला. डबा भरत आला आहे.

अण्णा पायरीवरच बसून होते. सांगलीत हळदीचा एवढा व्यापार, पण नंबर पहिला हवा! उपरण्याची गाठ सोडली — मी कंपौंडर, माझ्याच हातच्या पुड्या. रक्तदाबावरच्या, सर्पगंधेच्या. रात्रीच्या सगळ्या.

"दिवस मावळल्यावर पानीबी घेत न्हाई आपन. पुडी कशी घिऊ? टाकवंना. कुना गरिबाला द्या."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्येस्नी कशाला? तुमीच म्हनला न्हवता, व्रत मोडू नका म्हनून?"

म्हटलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, याच खिडकीतून. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला मी दुसरं काय सांगणार? औषध सोडा असं म्हटलं नव्हतं... की तेच म्हटलं?

५ फेब्रुवारी

कान वाजतात. मन ठिकाणावर नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांचा रक्तदाब दोनशे दहा. डॉक्टरांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा दोनशे दहा.

"इतकं औषध देऊनही पारा हलत नाही? पुड्या नेमाने घेता ना?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तराजूकडे.

"घेतो की."

खोटं न बोलण्याचंही व्रत आहे. ते आम्ही दोघांनी मिळून मोडलं.

डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. मी तोलत राहिलो. खिडकीतून अण्णा म्हणतात, "बांधा की बिगीबिगी! सोनं तोलताय व्हय?"

दुप्पट बांधून दिल्या. रात्रीच्या पुन्हा गाठीतच जाणार. हे मला ठाऊक, डॉक्टरांना नाही!

९ फेब्रुवारी

आमच्या मंडळी म्हणाल्या, "आवं, कान धरून काय बसलाय? ऊन उतरलं, जेवून घ्या." दोन घास खाल्ले. उठलो.

११ फेब्रुवारी, सोमवार

सौद्यात बोली चालली असताना अण्णांच्या नाकातून रक्त आलं. हळदीच्या ढिगावर सांडलं. हमालांनी टांग्यात घालून आणलं. तासाभराने थांबलं, पण उजव्या हाताला मुंग्या आहेत म्हणतात.

राजमतीकाकू खिडकीशी आल्या. अण्णांच्या मंडळी. पदर तोंडाला.

"कंपौंडर, खरं सांगा. औषिद बरोबर घेत्यात नव्हं ह्ये?"

"व्हय."

त्या हात जोडून गेल्या. मला हात जोडून!

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "रात्रीच्या पुडीवर माझा सगळा भरवसा होता."

एकच प्रश्न विचारायचा होता — दिवस मावळायच्या आत दिली तर चालेल का? चार आठवडे तो जिभेवर आहे. विचारला तर डबा उघडावा लागेल. अख्खा.

१२ फेब्रुवारी

बस्तीत जप करायला बसलो. मण्यांऐवजी पुड्याच मोजत होतो. तीनदा चुकलो. मूर्तीकडे मान वर करून बघवेना.

१३ फेब्रुवारी

अण्णांना पाहून आलो. चहाची बशी डाव्या हाताने धरतात. मला म्हणतात, "तुमी का पडलेलं तोंड घिऊन आलाय, गड्या? आजारी मी हाय!"

हसलो. घरी येईतो दोनदा रस्त्यात थांबावं लागलं. डोकं ठणकत होतं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. अण्णांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मावळतीआधी द्यायची होती की! एवढंच विचारायचं." पुड्यांच्या नव्या वेळा स्वतः लिहून दिल्या. काकूंना मी घरी जाऊन खरं सांगून आलो. त्यांनी हात जोडले नाहीत.

डॉक्टरांनी डबा पालथा करून मोजला. "एकवीस म्हणालात. या त्र्याऐंशी आहेत."

उरलेल्या बासष्ट माझ्या. मार्गशीर्षात माझाही रक्तदाब पाहून त्यांनी मलाच रात्रीसाठी बांधून घ्यायला सांगितलेल्या.

आज ऊन अंगणात असतानाच पहिली घेतली.