संत्याची शेवटची ओव्हर

१२ मे, दौंड
ग्रुपवर पुन्हा तेच. 'दादा, मांडवगणची फायनल चालू करा ना.' करतो बाबा. जुन्या टेनिस-बॉल मॅचेसच्या फायली माझ्या कॉम्प्युटरवर टिकून आहेत, मी चालू ठेवला तरच इतरांना उतरतात. ज्याची उतरली तो हात जोडल्याचं चित्र टाकून पसार. पुढच्यासाठी थोडा वेळ चालू ठेवा म्हटलं की सगळे मुके. लाईटबिलावरून बायकोचं ऐकायचं मी.

१९ मे
व्होल्टेज वाढलं, हार्डडिस्क जळाली. त्यातून काही निघणार नाही, दुकानवाला म्हणतो. बाकीच्या मॅचेस गेल्या तर जाऊ देत. पण मांडवगणची फायनल... आमच्या संत्याची बॉलिंग तेवढ्या एकाच फाईलीत आहे. धाकटा भाऊ. जूनमध्ये वर्ष होतंय त्याला जाऊन. आईनं त्याला मैदानावर कधीच पाहिलं नाही. वर्षश्राद्धाला दाखवतो म्हणालो होतो.

२१ मे
नवी डिस्क टाकली. ग्रुपवर विचारलं, कुणाकडे आहे का. एवढी माणसं घेऊन गेली. उत्तर काय, तर 'मिळाली की मलापण पाठवा.' हरामखोर.

२६ मे
तिघं सापडले. तिघांचीही ९४ टक्क्यांवर अडकलेली, माझ्याकडून उतरत असताना माझी डिस्क गेली त्याच जागी. तेवढी त्यांच्याकडून परत उतरवून घेतली. शेवटचा भाग एकाकडेही नाही. ज्यांना पूर्ण मिळाली ते कधीच बंद करून गेले. अर्धवटवाले थांबलेत, तेही माझ्याच भरवशावर.

८ जून
वर्षश्राद्ध. पाहुणे गेल्यावर होती तेवढी आईला लावली. संत्या रनअपला वळला आणि चित्र थांबलं. म्हटलं, पुढं त्यानं दांडी उडवली, मॅच जिंकली.
"ठावं हाय मला, समद्या गावानं सांगितलंय," आई म्हणाली. "सांगू नगं. दाव."

११ जून
पूर्ण फाईलवाला एक शिरूरकर दुपारी ऑनलाईन दिसला. माझे ९४ चे ९६ टक्के झाले आणि तो बंद करून गेला. मेसेज केला, भावा, पाच मिनिटं चालू ठेव, माझा भाऊ आहे त्यात. वाचल्याची निळी खूण आली. बाकी काही नाही. त्या तिघांचेही ९६ झाले, माझ्याकडूनच.

१४ जून
शिरूरकर परत आला नाही. माझा कॉम्प्युटर चालूच. बायको आता बिलाचं काढत नाही. आई सकाळी चहा घेऊन पडद्यापुढं बसते. आकडे तिला वाचता येतात.
"शहाण्णवच हाय की रं," म्हणते, आणि तिथंच बसून राहते.