हात कुणाकुणाचे होते

दौंड, ३ फेब्रु. १९७६
आठवी ब वर सराव पाठ झाला. बरा झाला. पण जीव उद्याच्या चर्चेत. देशभरच्या पदवीधरांची एकच परीक्षा घ्यायचा विचार आहे म्हणे. कॉलेजात शिकलेलं किती डोक्यात राहिलं ते बघायचं, मगच मास्तरकी. आम्हा बी.एड.वाल्यांचं मत ऐकायला पुण्याहून साहेब येणार. प्राचार्यांनी बजावलं, "जपून बोला. आणीबाणी आहे."
कुसुम वरवंडच्या पाटलांची, माझ्याच खोलीत राहते. म्हणाली, "पेपर इंग्रजीत आला म्हंजी मी मेलेच." मला मात्र परीक्षा हवीय. तिथं तपासणाऱ्याला आडनाव कळत नाही. इथं पाठाचे गुण देणाऱ्याला पक्कं माहीत असतं. पण इंग्रजीची धास्ती मलाही आहेच.

४ फेब्रु.
काय करून बसले!
सगळे "उत्तम कल्पना, साहेब" एवढंच म्हणून बसत होते. माझी पाळी. फळ्याजवळ उभी, समोर बाकांवर सगळा वर्ग गप्प. पाठ घेऊन घेऊन जिभेला वळणच पडलंय. तोंडातून गेलं, "या परीक्षेची भीती कुणाकुणाला वाटते? हात वर करा."
आणि केले की! पोरांसारखे. निम्म्या वर्गानं. कुसुमनं सगळ्यांच्या आधी. साहेब हसले. प्राचार्य हसले नाहीत. 

५ फेब्रु.
प्राचार्यांनी बोलावलं. "मतदान घेता काय? हात कुणाकुणाचे होते, उद्या नावं सांगा. तुमचा शेवटचा पाठ राहिलाय अजून." म्हणजे पाठात नापास. म्हणजे नोकरी...
बाकीचे मला बघून वाट बदलतात. कुसुम रडली. "माझं नाव नको गं सांगू. आप्पा शिक्षान बंद करत्याल."
आबांना गाठलं. माझे वडील, रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावरच होते. वाटलं, धीर देतील. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग, "कुणाचं नाव घिऊ नको. आन् पोरी, तूबी आता तोंड मिटून..." आणि पहार उचलून रुळाकडं वळले. आबांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. फार भीती वाटते.

६ फेब्रु.
नावं सांगायची नाहीत असं ठरवून गेले.  दारात पोचले तर आतून कुसुम बाहेर आली. माझ्याकडं न बघता गेली.
प्राचार्य म्हणाले, "नावं मिळाली. तुम्ही नाही सांगितलं तरी चालेल आता. जा."
संध्याकाळी दोघींनी भाकरी एकाच ताटात खाल्ली, रोजच्यासारखी. तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. सोमवारी माझा शेवटचा पाठ.