आधी आपली चूक

प्रिय धाकट्या,

जिंकले रे. संध्याकाळचा वर्ग वाचला. काल विश्वस्त मंडळाने एकमताने ठराव केला, आणि मी माझ्या खोलीत येऊन, दार लावून एकटीच नाचले. या वयात, या गुडघ्यांनी. शिपाई दार वाजवून विचारून गेला, मॅडम, काही पडलं का म्हणून. फोनवर हे सांगणार नव्हते. फोनवर तू 'सगळं झकास' म्हणतोस आणि ठेवून देतोस, ती तुझी जुनी खोड आहे.

नोकरी करून शिकणाऱ्यांचा हा वर्ग. दिवसभर काउंटरवर नाहीतर गोदामात राबून संध्याकाळी डोळे चोळत येणारी माणसं. संख्या घटतेय, बंद करा, असं मंडळाचं वर्षभर चाललं होतं. तो बंद पडला असता तर मी नावापुरतीच डीन उरले असते, कारण त्याच्यासाठीच तर मी ही खुर्ची घेतली.

खुर्चीत बसल्याबसल्या मी काय दिवे लावले ते तुला ठाऊक नाही. प्राध्यापक एकेक करून खोलीत आले. एकाची आई आजारी, एकीला मुलाला शाळेत सोडायचं, एकाचा प्रवास लांबचा. सोमवारचा पहिला तास कुणालाच नको होता. मी सगळ्यांना हो म्हटलं, आणि आपण किती समजूतदार म्हणून स्वतःवरच खूश. सोमवारी कॉलेज विद्यार्थ्यांनी भरलेलं आणि शिकवायला औषधालाही माणूस नाही. सगळ्या तुकड्या सभागृहात कोंबून घसा बसेपर्यंत मीच बोलत राहिले. सांगणार कुणाला? हाताखालच्यांना सांगावं तर वचक जातो, वरच्यांना सांगावं तर खुर्ची. तुझ्या भावोजींना सांगितलं, तर ते जेवता जेवता झोपले.

त्याच सुमारास नव्या डीनांच्या एका कंपूने मला ओढून नेलं. आम्ही चौघं, चार बिझनेस स्कूलचे, आणि एकमेकांचे विद्यार्थी पळवण्यात चारही कॉलेजं पटाईत. महिन्यातून एका शनिवारी जमायचं. आल्याआल्या आधी आपली चूक सांगायची, त्याशिवाय कॉफी मिळत नाही. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. स्वतःचं तसंच काही झालं असेल तर तेवढं सांगायचं. मी सोमवारचा तास सांगितला तेव्हा नदीपलीकडच्या कॉलेजचे मिशीवाले पोट धरून हसले. त्यांनी शुक्रवारची दुपार अशीच वाटून टाकली होती. त्या दिवशी मी किती तरी महिन्यांनी पोटभर हसले.

मंडळाची बैठक जवळ आली तशी या तिघांनी माझी तालीम घेतली. ते झाले विश्वस्त, मी तक्ते घेऊन उभी. असं सोलून काढलं म्हणतोस! आमच्यातल्या चष्मेवालीने तर सरळ सांगितलं, बाई, तुम्ही उत्तर देत नाही, तास घेताय. मी रडकुंडीला आले. मग मिशीवाल्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी तोवर शनिवारीही सांगितली नव्हती. डीन झाल्याझाल्या त्यांनी आपल्याकडचा संध्याकाळचा वर्ग बंद केला होता. पुढच्या वर्षी मुलांना नोकऱ्या द्यायला येणाऱ्या कंपन्या रोडावल्या. त्या कंपन्यांत माणसं निवडणारे बरेच साहेब त्याच वर्गातून शिकून गेलेले, त्यांनी पाठ फिरवली. हवं तर तुमच्या मंडळापुढे येऊन सांगतो, म्हणाले. विचार कर, ते आपला वर्ग पुन्हा उघडणार आहेत. माझा बंद पडला असता तर त्यांना आयतेच विद्यार्थी मिळाले असते.

काल ते खरंच आले. कडक इस्त्रीचा कोट घालून परक्या कॉलेजच्या मंडळापुढे उभे राहिले आणि आपलं कसं चुकलं ते काही न लपवता सांगितलं. एरवी घड्याळाकडे बघत बसणारे आमचे अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. मग मी बोलले, अगदी थोडकं. तक्ते पिशवीतच राहिले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, हा वर्ग वाढवायचा तर काय लागेल? बंद करायला बसलेली माणसं रे ती! माझा ऊर भरून आला, आणि लाजले नाही मी, सगळ्यांसमोर डोळे पुसले.

आता मुद्द्याचं. परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू डीन झाल्यापासून रोज सकाळी कॉलेजच्या आवारात गाडी लावतोस आणि किती तरी वेळ आतच बसून राहतोस म्हणाली. राजीनामाही लिहून ठेवला आहेस. तिच्यावर रागावू नकोस, तिने सांगितलं म्हणून मला कळलं. तू कच्चा नाहीस रे, नुसता एकटा पडला आहेस. मीही पडले होते, आणि तुझ्याइतकीच तोंड शिवून बसले होते. येत्या शनिवारची बैठक माझ्याकडे आहे. तुला येऊ द्यायचं का म्हणून तिघांना विचारलं, तर मिशीवाले म्हणाले, विचारताय काय, मी स्टेशनवर घ्यायला जातो. तेव्हा शनिवारी ये. राजीनामा खिशात घेऊन ये हवा तर. रविवारीही तो द्यावासा वाटला, तर मी स्वतः तुझ्याबरोबर पोस्टात येईन.

तुझीच,
ताई