विकतचा चिकू

नरपड, डहाणू
१२ जानेवारी २०२६

प्रिय मयुरा,

नमस्कार. तू आणि भाविका बऱ्या असाल. इकडे सगळं ठीक. थंडीने आईचे गुडघे धरलेत, तरी रोज वाडीत चक्कर मारते आणि गडी चिकू नीट उतरवत नाहीत म्हणून बडबडते. आपली काळी गाय व्याली, पाडी झाली. भाविकाला सांग.

मोबाइलवर लिहिलेलं प्रत्येक वाक्य कोर्टात प्रिंट होऊन येतं, म्हणून कागद घेतला.

वीस तारखेला मध्यस्थीची बैठक आहे. माझं म्हणणं तुला वकिलांशिवाय एकदा सांगावं असं वाटलं. भाविकाने आठवड्याआड शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे यावं, सोमवारी मी तिला तलासरीला शाळेत सोडीन. मे महिना आणि दिवाळी अर्धी अर्धी. तिचा खर्च मी टाळत नाही. पण तुझ्या वकिलांनी सातबारा बघून अख्खी वाडी माझी धरली आहे. त्यावर अण्णाकाका आणि आत्याचंही नाव आहे. नवी आलीस तेव्हा तूच म्हणाली होतीस, एका वाडीला किती मालक. माझ्या तिसऱ्या हिश्श्यावर जे बसेल ते दरमहा देईन, शाळेची फी वेगळी. याहून जास्त कबूल केलं तर पावसाळ्यात चिकू नसताना मी शब्द मोडीन.

उमेश सर कसे आहेत? भाविकाच्या फोनवर दर तिसऱ्या वाक्याला उमेशकाका असतात. उमेशकाकांनी सायकल शिकवली, उमेशकाकांना पाढे उलटे येतात. सायकल मीही शिकवणार होतो. तिची मागची छोटी चाकं काढायला पाना आणून ठेवला होता, तेवढ्यात तुम्ही निघून गेलात. तुझ्या शाळेतल्या माणसाशी तुझं काय, हे मी विचारत नाही. आपल्याला वेगळं होऊन दीड वर्ष झालं. पण विचारत नाही म्हणजे डोक्यात येत नाही असं नाही. त्याची गाडी येते, त्याच्या शर्टाची इस्त्री येते, तो तुला हसवतो की नाही तेही येतं. मी जळतो, मयुरा. याला दुसरं बरं नाव मला सापडलं नाही.

माझ्या नव्या अर्जाची प्रत तुला मिळाली असेल. चार तारखेच्या रविवारी मी कासाच्या एसटी थांब्यावर साडेअकरापर्यंत थांबलो आणि तू मुलीला भेटीला आणलंच नाहीस, असं त्यात आहे. वाचून तू काय म्हणाली असशील ते मला इथे ऐकू येतं. तू तिला घेऊन आली होतीस.

मीही आलो होतो. दहाला दहा मिनिटं कमी होती. बाइकवर मागे चिकूची पेटी बांधलेली. भाविकाला त्या दिवशी नेमके पिकलेले मिळावेत म्हणून चार दिवस आधी निवडून गवतात घातले होते. वडापावच्या गाडीमागे बाइक लावतोय तोच तुम्ही दिसलात. भाविका उमेश सरांच्या गाडीच्या बॉनेटवर बसली होती. त्याने पाटीवालीकडून एक चिकू घेतला. घाईने पिकवलेला होता, सालीवरूनच मला कळत होतं. त्याने तो अंगठ्याने फोडला, बिया काढल्या, एखादी राहिली नाही ना म्हणून बोट फिरवून पाहिलं आणि अर्धा तिच्या तोंडात घातला. ते काम माझं होतं. दात आल्यापासून तिने माझ्याच हातचा चिकू खाल्ला आहे. नरपडच्या वाडीतली पोर विकतचा चिकू खात होती आणि तिला तो गोड लागत होता. तिची हनुवटी त्याने रुमालाने पुसली, आणि तू हसलीस.

मी बाइक वळवली. चारोटीला एक ट्रकवाला चहा पीत उभा होता, त्याला पेटी देऊन टाकली.

सोमवारी वकिलांनी विचारलं, "भेट झाली?" मी नाही म्हटलं. "आणली नाही का त्यांनी?" यावर मी होकारार्थी मान हलवली. साडेअकराची वेळ नंतर मीच सांगितली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आईने तर आळीभर केलं, "पोरीला तोडली तिने आमच्यापासून." मी तिथेच बसून ऐकत होतो.

मंगळवारी भाविकाचा फोन आला. "बाबा, चारोटीला ट्रक अडकले होते ना? आम्ही खूप वेळ थांबलो. उमेशकाका म्हणाले, बाबा निघालेले असणार, ट्रकमुळे अडकले असतील." मी हो म्हटलं. माझी बाजू त्या माणसाने सांभाळून घेतली. त्याचा चांगुलपणासुद्धा मला सोसत नाही. तो वाईट निघाला असता तर मला केवढं सोपं गेलं असतं.

आज सकाळी वकिलांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, त्या वाक्यावरच तर तुमची केस उभी आहे. ते मागे घेतलंत तर संयुक्त ताबा विसरा. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." त्यांचं बरोबर असेल. उद्या मला महिन्यातून दोन तास भेट मिळेल, तीही कोणीतरी समोर बसलेलं असताना. पण भाविका मोठी होऊन ते कागद वाचेल, आणि त्या दिवशी तुम्ही तिथे थांबला होतात हे तिला आठवत असेल.

हे पत्र तुझ्या वकिलांना दे. ते वाक्य मी वीस तारखेला सर्वांसमोर मागे घेतो. मुलगी माझ्याकडेही राहावी ही मागणी मात्र सोडत नाही, कारण ती खरी आहे.

येत्या रविवारी, अठराला, कासाला येतोय. उमेश सर आले तर येऊ देत. मला ते आवडणार नाही, पण उभा राहीन. त्या दिवसाचं भाविकाला मीच सांगेन. तुम्ही दोघांनी आता माझ्यासाठी काही सांभाळून घेऊ नका.

तुम्हा तिघांना बघून परत फिरलेला,
धनेश