एका बटाट्याविषयी निष्कर्ष

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा पोहोचले. माझे बरे चालले आहे. नवा चष्मा अद्याप नाकाशी जुळवून घेत नाही, आणि जिन्यावरचा दिवा अखेर दुरुस्त झाला. तुझ्या यजमानांचा गुडघा आता तक्रार करीत नाही, हे वाचून समाधान वाटले. यजमान स्वतः करीत असतील; तो त्यांचा स्वभाव आहे.

तुझ्या पत्रात तीन पाने माया आहे आणि एक ओळ धमकी. "माझ्या साठीला येणार असशील तर जेवायला ये. दारातच 'मी जेवून आलोय' म्हणणार असशील, तर दादा, येऊच नकोस." ही ओळ मी पुनःपुन्हा वाचली. तिच्यात तर्कदोष शोधला, सापडला नाही. तेव्हा उत्तर देणे भाग आहे. ते फोनवर देता येणार नाही, कारण फोनवर तू मला दुसरे वाक्य पुरे करू देत नाहीस.

आधी एक बातमी. मी सध्या एका वर्गात असतो. हा वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरतो, रोज दुपारी, आणि मी माझ्या अभ्यासाच्या टेबलाशीच बसलेला असतो. पहिल्या दिवशी कॅमेरा नीट लावता न आल्यामुळे इतरांना माझे केवळ कपाळ दिसत होते. वर्ग चालवणाऱ्या बाई वयाने तुझ्या मुलीएवढ्या असतील. त्या म्हणाल्या, "सर, तुमचं कपाळ फार विद्वान आहे हो, पण आम्हाला तोंड हवंय." वर्गात एक नर्तकी आहे आणि एक ट्रकचालक. ट्रकचालक जिथे असेल तिथे गाडी कडेला लावून केबिनमधूनच हजेरी लावतो. आणखीही मंडळी आहेत. पण या दोघांशी माझे विशेष जमले. निवृत्तीनंतर इतक्या मोठ्याने हसण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचितच आला होता. आता तो जवळजवळ रोज येतो.

यावरून तू असे अनुमान काढशील की, दादा पुन्हा तर्कशास्त्र शिकवू लागला. तसे अनुमान निघावे अशाच बेताने मी वरचा परिच्छेद लिहिला आहे. त्यातले एकही विधान असत्य नाही, आणि तरीही तो संपूर्ण परिच्छेद एक पळवाट आहे. ती आता बंद करतो.

त्या वर्गात मी शिकवीत नाही. तिथे मी रुग्ण आहे. तो वर्ग जेवणाचा आहे. ज्यांना अन्नाची भीती वाटते, अशी माणसे तिथे आपापल्या घरी, पण एकमेकांच्या देखत जेवतात. बाई आहारतज्ज्ञ आहेत. त्याही आमच्याबरोबर जेवतात. तोंड आणि ताट दोन्ही कॅमेऱ्यात दिसले पाहिजे, हा तिथला नियम.

तू हे वाचून खाली बसली असशील. बसूनच वाच.

वसतिगृहात असल्यापासून मी कमी खातो, हे तुला ठाऊक आहे. त्याला मी मिताहार म्हणत आलो आणि लोकांनी त्याचे कौतुक केले. "दादांची शिस्त बघा," असे आपल्या घरात मुलांना सांगितले जाई. गेल्या वर्षी थकवा फार वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला आणि मग खुर्ची पुढे ओढून विचारले, "हे असं खाणं किती वर्षं चाललंय?"

"असं म्हणजे कसं? मी मिताहारी आहे."

"मिताहारी माणूस जेवून उठला की जेवण विसरतो. तुम्ही विसरता?"

भिंगरी, वादविवादात मी आयुष्यात इतक्या लवकर कधी हरलो नव्हतो. मी विसरत नसे. सकाळी उठल्यापासून काय टाळायचे, कोणाकडे काय सबब सांगायची, याखेरीज दुसरा विचारच डोक्यात टिकत नसे. सगळी पुस्तके त्या विचाराच्या फटीतून वाचली.

हा आजार कोवळ्या मुलींना होतो, अशी माझी समजूत होती. ट्रकचालकाच्या मिशा पाहून ती गळून पडली. आजाराचे जाणकार इथून फार दूर आहेत; पडदा नसता तर या वयात मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो नसतो. मानसोपचारतज्ज्ञही पडद्यावरच भेटतात. वजन आणि रक्तदाब मात्र इथले डॉक्टर पाहतात, आणि आकडा मला सांगत नाहीत. मी मागितला होता. "वाद घालायला तुम्हाला आणखी एक मुद्दा कशाला पुरवू?" असे ते म्हणाले.

आता बटाट्याविषयी. आरंभीच्या दिवसांत माझ्या ताटात एक उकडलेला बटाटा होता, आणि हात पुढे होत नव्हता. आवाज बंद आहे अशा खात्रीने मी त्या बटाट्याला उद्देशून, वर्गात बोलावे तसे बोललो: "उकडलेले सर्व बटाटे निरुपद्रवी असतात. तू उकडलेला बटाटा आहेस. म्हणून तू निरुपद्रवी आहेस. हा निष्कर्ष निर्दोष आहे आणि मला तो मान्य आहे. तरीही, महाराज, मला तुमची भीती वाटते."

आवाज बंद नव्हता.

नर्तकी म्हणाली, "सर, पहिलं विधान सिद्ध करा. तुम्ही सगळे बटाटे खाऊन बघितलेत का?" यावर ट्रकचालक स्टिअरिंगवर डोके टेकून हसू लागला, त्याच्या हाताने भोंगा दाबला गेला, तो वाजतच राहिला, आणि बाईंनी घास हातात धरून तोंडावर पदर घेतला. मीही हसलो. हसता हसता मी नर्तकीच्या आक्षेपाचे खंडन करीत होतो, आणि खंडन संपले तेव्हा ताटात बटाटा नव्हता.

तेव्हापासून तो आमचा रिवाज झाला आहे. कोणाचा हात अडला की तो माझ्याकडे पाहतो. "सर, आज पाव नडतोय," असे नर्तकी म्हणते. मी पावाविषयी विधाने मांडतो, ती आक्षेप घेते, आणि ट्रकचालक ओरडतो, "अहो गुरुजी, सिद्ध झालं असेल तर गिळा आता!" तर्काने भीती जात नाही, हे मला या वयात समजले. चार माणसांत तो तर्क मोठ्याने मांडला की भीतीचे हसू होते, हेही तिथेच समजले.

मी पूर्ण बरा झालो, असे मात्र समजू नकोस. मागच्याच आठवड्यात एका दुपारी जमेना, म्हणून इंटरनेट गेल्याचे निमित्त करून पडदा बंद केला. लगेच ट्रकचालकाचा फोन आला. "काय गुरुजी, मला घाटात रेंज आहे, अन् तुम्हाला भर शहरात नाही होय?" मी पडदा पुन्हा सुरू केला. सगळे माझ्यासाठी जेवायचे थांबले होते.

आता जे लिहायला सर्वांत जड जात आहे, ते. तू एकदा स्वयंपाकघरात यजमानांना म्हणालीस, "दादाला माझ्या हातचं आवडत नाही. काही केलं तरी नाहीच." मी बाहेरच्या खोलीत होतो, ऐकले. तेव्हाच आत येऊन सांगायला हवे होते, पण ते खोडायचे तर खरे कारण सांगावे लागले असते. तुझ्या हातच्या जेवणात कधीच काही कमी नव्हते. तुझ्याकडे वास इतका चांगला येई, की मला तिथून पळावे लागे.

तुझे पत्र आल्यावर मी ते वर्गात वाचून दाखवले. बाईंनी तालीम घ्यायचे ठरवले. भिंगरीची भूमिका ट्रकचालकाने मागून घेतली. डोक्यावर टॉवेल घेऊन, मिशांसकट, तो लाडिक आवाजात म्हणाला, "अरे दादा, अजून एक घे ना! माझी शप्पथ!" तुला प्रत्यक्ष न पाहता त्याला तू इतकी नेमकी कशी साधलीस, याचे मला नवल वाटते. मी नाही म्हणायला शिकलो, हो म्हणायलाही शिकलो, आणि तिसऱ्या खेपेस शांतपणे जेवलो. सर्वांनी चमचे वाजवले.

म्हणून आता विनंती. मला शपथ घालू नकोस. माझ्या ताटाकडे पाहू नकोस. "बारीक झालास" किंवा "भरलास" यांपैकी काहीही म्हणू नकोस. डोक्यावरच्या केसांविषयी वाटेल ते बोल. वाढून झाले की माझ्यासमोर बस आणि कशावरून तरी भांडण काढ. विषय तुला सुचतीलच. जेवण झाल्यावरचा वेळ मला कठीण जातो, तेव्हा मला लगेच उठू देऊ नकोस. यजमानांना गुडघ्याविषयी सविस्तर सांगायला लाव.

हे पत्र यजमानांना वाचायला दिलेस तरी हरकत नाही. लपवण्यात माझा फार वेळ गेला.

पडद्यावर मंडळी जमू लागली आहेत. ट्रकचालक डबा उघडून वाट पाहत आहे, आणि "गुरुजी, लिहिणं पुरे" असे दटावतो आहे. त्याचे बरोबर आहे. मला भूक लागली आहे. हे वाक्य कितीतरी वर्षांनी मी खरे म्हणून लिहीत आहे; ते प्रथम तुला कळावे, अशी इच्छा होती.

तुझ्या साठीला, तुझ्या हातचे जेवणारा,
दादा