डाव्या अंगठ्याचा चाकू

प्रिय डावरे,

तर सगळ्यात आधी टपकली ती तुझी सासू. पायपुसण्यावर पाय पुसत होती, पण डोळे केव्हाच आत पोचले होते. खुंटीवर कुणाचे कपडे, दाराशी कुणाच्या चपला. मागोमाग तुझे मामेसासरे, जिना चढून धापा टाकत. आल्या आल्या पाणी मागितलं आणि दोन पेले घटाघटा प्यायले. मला वाटलं, दोघंच आहेत, निभावून नेऊ. दार लावायला गेले तर दारात हा उभा, तुझा नवरा. खाली गाडी लावत होता म्हणे. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात सफरचंदांची पिशवी. वाकून माझी तब्येत विचारली. गोगलगाय नि पोटात पाय. 

पण आधी चाकूचं ऐक. भीती वाटली की माझी बडबड वाढते, तुझा आजोबा म्हणायचा हिला चोर दिसला तर ही त्याला गप्पांत मारेल. शिवणवाली तुझी चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा मी इतकी खूश झाले की तिला दोनदा चहा पाजला. ती बटणं आणि चेनी आणायला तुझ्या गावाला जाते, तेवढाच एक धागा आपल्यात उरलाय. तू लिहिलंस की गोदामात दिवसभर खोकी उघडावी लागतात, दरवेळी दुसऱ्याची पाती मागून कंटाळा आला. खिशात राहील असा लहानसा घडीचा चाकू बघून ठेव, मीच येऊन घेऊन जाईन. त्यांचं घर सोडल्यापासून पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागितलंस. आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस, एका हाताने उघडणारा बघ. खोकी उघडायला दोन्ही हात मोकळे असतातच की, असं माझ्या मनात आलं. पण मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, नुसत्या आणून द्यायच्या असतात.

कात्र्या-सुऱ्यांच्या दुकानात मी जन्मात गेले नव्हते. दुकानदार जाड चष्म्याचा, काचेवर कापड अंथरून एकेक चाकू असा मांडला जशी काही दागिन्यांची खरेदी. पहिला दाखवला त्यात कात्री, करवत, बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा. मी म्हटलं, अहो, अख्खा सुतार खिशात घालून फिरायचं का पोरीने? दुसऱ्याला पात्यावर खाच होती, तिच्यात नख अडकवून उघडायचं. माझी नखं संपली आणि तुझी तू खातेस. तिसरा वीतभर. त्याच्याकडे बघूनच अंगावर काटा आला. दुकानदार म्हणाला, आजी, लांब पातं दाखवायला असतं, कामाला नाही. चार बोटं जुळवली की जेवढी रुंदी, तेवढं पातं पुरे. आणि खटका हवाच. खटका नसला तर जोर लावताना पातं मिटतं, आणि कापतं कोणाला? आपल्यालाच. हे मी पक्कं डोक्यात ठेवलं.

मग एक हलका काळ्या मुठीचा निघाला. पात्याला तुरीच्या दाण्याएवढी खुंटी, तिला अंगठा लावून ढकललं की उघडतो. पण खुंटी उजव्या अंगठ्याच्या बाजूला. मी म्हटलं, डावा हवा. तो म्हणाला, तुम्ही तर सगळं उजव्या हाताने उचलताय. म्हटलं, माझ्यासाठी नाही हो, नातीसाठी, ती डावरी आहे, आणि तिचं तेच मनगट मोडून सांधलंय, तेव्हा कडक नको. कसं मोडलं ते त्याने विचारलं नाही. चष्मा वर केला, इवल्याशा पेचकसाने खुंटी काढून दुसऱ्या बाजूला बसवली, खिशाला अडकवायचा चिमटाही फिरवला, सांध्यात तेल सोडलं. मग मी माझ्या संधिवाताच्या डाव्या अंगठ्याने ढकलून पाहिलं. टक् करून उघडला. म्हटलं, मला जमला तर माझ्या पोरीला जमेलच. धार बघायला त्याने स्वतःच्या हातावरचे केस भादरून दाखवले. मी घरी येऊन लहान पोरासारखी उघडझाप करत बसले. टक्, टक्. तुझ्या खिशात तो आहे असं मनाशी चित्र काढायचे आणि जरा बरं वाटायचं.

तो टेबलावर तसाच राहिला, आणि हे तिघं आले.

सासू म्हणाली, सून नाही हो, लेकच मानलं तिला. मामेसासरे म्हणाले, भांड्याला भांडं लागायचंच. मी मनात म्हटलं, भांड्याला पोचा येतो, मनगट नाही मोडत. तोंडाने एवढंच म्हटलं, गेली तेव्हापासून मला ना कागद ना निरोप. छान खोटं बोलले मी, आवाजसुद्धा हलला नाही. मग ह्याने पिशवीतून सफरचंद काढलं आणि टेबलावरचा चाकू उचलला. उजवा अंगठा पात्यावर फिरवला, तिथे काहीच नाही. चाकू उलटा केला. थांबला. मग डाव्या हातात घेतला. टक्.

सासू तिच्या गुडघ्यांचं सांगत होती, मामेसासरे मान डोलावत होते. ह्याने सावकाश फोडी केल्या, डाव्याच हाताने, वेड्यावाकड्या, आणि पहिली मला दिली. हळूच म्हणाला, चांगला निवडलात आजी. कधी येतेय घ्यायला? मी म्हटलं, कोण? पण माझी नजर चाकूवरून हलेना, आणि तो तेच बघत होता.

म्हणून हे लिहितेय, जोडाक्षरं चुकली तर समजून घे. शिवणवाली उद्या निघेल, कागद तिच्या कापडी पिशवीच्या अस्तरात घालून देतेय. तू येऊ नकोस. आणि चाकू माझ्याकडे नाही. त्याने रुमालाने पुसला, मिटला आणि शर्टाच्या खिशात टाकला, वरून थोपटून म्हणाला, मीच देतो तिच्या हातात, तुम्ही कशाला त्रास घेता. मी अडवलं नाही.  तू गोदामातल्या मुकादमबाईला सगळं सांग, लाजू नकोस. एकटी बाहेर पडू नकोस. आणि तो दिसलाच तर कुणाचं पातं हातात घेऊन उभी राहू नकोस, पळ, जिथे माणसं असतील तिथे पळ, ओरडत पळ. माझी आठवण आली तरी इकडे फिरकू नकोस, मी दोन्ही कड्या लावून बसलेय, माझं काय व्हायचंय. शिवणवालीकडून तू येत्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी यायचा निरोप दिला होतास, तो त्यांना ठाऊक नाही, एवढा एकच आधार. पण जिन्यात उतरताना सासूने मान वळवून गोड आवाजात सांगितलंय, आता येत-जात राहू, परत येतो आम्ही तिघंही, निवांत दिवसभर बसायला, ह्याच रविवारी.

तुझीच,
म्हातारी