विजापूर उघडेना

१२ फेब्रु.
नातेपुत्याला दोस्ताच्या शेळ्या बघायला निघालो होतो. शुक्रवार पेठेतच अडकलो. यूसुफचाचांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर गेला. नवा जोडून दिला, फायली आल्या, पण ‘विजापूर’ उघडेना.
विजापूर म्हणजे आवाज घुमवायचा प्लगिन. इंग्रजी नाव चाचांच्या तोंडात बसंना. गोलघुमटासारखं घुमतं, म्हणून विजापूर. चाची जाण्याआधी गायल्या त्या गाण्याला तोच लावलेला. एक अंतरा राहिला, म्हणून घुमण्यासकट गाणं पक्कं करून ठेवलंच नाही. आता पोरीच्या, नसरीनच्या हळदीला तेच पाहिजे.

१३ फेब्रु.
कंपनीचं उत्तर आलं. जुन्या पद्धतीच्या प्लगिनचा परवाना संपला, नवं सॉफ्टवेअर ते घेणार नाही.
चाचा म्हणाले, “तेरी चाची का परवाना इनके पास कब से गया रे?” हसले. चहा तसाच राहिला.

१५ फेब्रु.
घुमटात टाळी वाजवून रेकॉर्ड केली की तसंच घुमणं बनवता येतं, असं व्हिडिओत बघितलेलं. विजापूरची एसटी धरली. वाटेत हुरडा दिसला, उतरलो. लई गोड. दोन गाड्या हुकल्या.
घुमटात शाळेची सहल. मी टाळी वाजवली की पोरं बोंबलणार. शेवटी बाई कानडीत ओरडल्या, “सुम्किर्रो!” सगळी गप. तेवढ्यात टाळी मारली.

१६ फेब्रु.
लावून ऐकलं. चाचांनी मान हलवली. “ये असली विजापूर है. मेरा नकली था. वोच अच्छा था.”
दोघं पोट धरून हसलो.
मग सगळं काढून नुसता आवाज लावला, कोरडा. सुरुवातीचा झाकलेला तुकडाही उघडला. गाण्याआधी चाची म्हणतात, “पंखा बंद करो जी, कित्ती बार बोलूँ?”
चाचा उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं.
मग तसेच भिंतीशी उभे…

१८ फेब्रु.
परवा हळद. नसरीनचा फोन. “भैया, अम्मी का गाना?” चाचांनी खूण केली. “बन रहा है,” म्हटलं.
सकाळपासून चाचा ते पंख्याचंच वाक्य ऐकतायत. गाण्यापर्यंत पोचतच नाहीत.
विचारलं, “चाचा, बोलणं कापून नुसतं गाणं पाठवू? तसंच, कोरडं?”
“काट.”
मी माऊस धरला.
“ठैर. नक्को काट. नसरीन भी सुन ले.” मग हळूच, “नहीं… सब लोगां रहेंगे ना वहाँ?”